जुन्या मोटारीचा हिशेब

काटकसर हा सद्गुण मोठा विलक्षण आहे. दया, क्षमा, धैर्य इत्यादी गुणांचे जो आपल्या तोंडाने वर्णन करील त्यास लोक दांभिक म्हणतात. परंतु काटकसरीचे वर्णन मात्र बिनदिक्कत करिता येते. आपण अमुक वस्तू किती वर्षे वापरली आणि किती थोड्या पैशांत चालविली हे चारचौघांत सांगताना मनुष्याच्या आवाजास जी धार चढते, ती दानधर्माची हकीकत सांगतानाही चढत नाही. हे मी इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मजपाशी एक जुनी अँबॅसडर मोटार आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावर कोणी ओळखीचे गृहस्थ भेटले की विचारतात, "काय सर, अजून चालते का ही?" आणि मी इतकी वर्षे मोठ्या समाधानाने उत्तर देत आलो की, "चालते तर! आणि तुमच्यापेक्षा निम्म्या खर्चात चालते."

या उत्तरातील शेवटचे चार शब्द खरे आहेत की नाहीत, याविषयी अलीकडे माझ्या मनात संशय उत्पन्न झाला आहे. तो संशय वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम मोटारीची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. ही गाडी नावाने हिंदुस्थानी असली तरी जन्माने इंग्रज आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डनजीक काउली येथील मॉरिस कंपनीच्या कारखान्यात १९५६ साली 'मॉरिस ऑक्सफर्ड'ची तिसरी आवृत्ती निघाली. बिर्ला घराण्याने १९४२ साली स्थापन केलेल्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीने तीच गाडी बंगालमधील उत्तरपाडा येथे बनविण्यास आरंभ केला व तिला अँबॅसडर हे नाव दिले. इंग्लंडात ती गाडी १९५९ साली बंद झाली. आपल्याकडे ती थोड्याफार फेरफारांनिशी २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणजे मूळ जननी निवर्तल्यावर कन्येने पंचावन्न वर्षे संसार केला. मजपाशी आहे ती १९८६ सालची, पेट्रोलवर चालणारी. २००९ साली मी ती एका कुटुंबाकडून घेतली तेव्हा तिची किंमत त्या वेळच्या नव्या मोटारसायकलीहून कमी होती. चार गियर, तेही स्टिअरिंगच्या दांड्याला. चारही चाकांना जुने ड्रमचे ब्रेक. मागच्या बाजूस बैलगाडीची आठवण करून देणारे लोखंडी पाटे. आणि पुढे १,४८९ घनसेंटिमीटरचे एक शांत, सोशिक, पण पेट्रोलच्या बाबतीत सढळ हाताचे इंजिन.

एके काळी या गाडीस मोठा मान होता. मंत्री, जिल्हाधिकारी, कारखान्याचे चेअरमन, सर्वांच्या दारी ती पांढऱ्या रंगात उभी असे. परंतु तो मान तिच्या गुणांचा होता असे मला वाटत नाही. सरकारच्या परवान्यावाचून कोणास मोटार बनविता येत नव्हती, परदेशी मोटार आणणे जवळजवळ अशक्य होते, आणि नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जेथे पर्याय दोन-तीनच, तेथे मान कोणास तरी मिळणारच. १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि हा मान ओसरू लागला. आमच्या घरी पूर्वी तांब्याचे एक घंगाळ होते. ते प्रथम न्हाणीघरात होते. मग गिझर आल्यावर माळ्यावर गेले, आणि आई ते मोडीत देण्याच्या गोष्टी बोलू लागली. आता धाकट्या भावाच्या पुण्याच्या दिवाणखान्यात त्यात फुले तरंगत असतात. वस्तूच्या आयुष्यात हा जो मधला माळ्यावरचा काळ असतो, तोच खरा कसोटीचा. माझी मोटार सध्या त्या माळ्यावर आहे. तिला कोणी नवी म्हणत नाही आणि हौसेची पुराणवस्तू म्हणून तिच्याभोवती फोटो काढण्यास गर्दीही जमत नाही. ती नुसतीच जुनी आहे. मी तीत बसून महाविद्यालयात जातो, भाजी आणतो, आणि दर शनिवारी आईला भेटावयास सांगलीस जातो.

आता हिशेब. महिन्याकाठी माझा प्रवास सुमारे हजार किलोमीटरांचा आहे. माझी गाडी लिटरमागे दहा किलोमीटर जाते, म्हणजे शंभर लिटर पेट्रोल झाले. एखादी लहान नवी गाडी हेच काम पंचावन्न लिटरांत करील. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून या पंचेचाळीस लिटरांचे साडेचार-पावणेपाच हजार होतात. दुरुस्तीचे सरासरी अडीच हजार धरा. उलटपक्षी नव्या गाडीसाठी सात-आठ लाखांचे कर्ज काढले तर हप्ता अकरा-बारा हजारांच्या खाली येत नाही, आणि विम्याचा भरणा निराळा. वजाबाकी केली असता वर्षास पन्नास हजारांच्या आसपास माझे वाचतात. पंधरा वर्षे मी ही वजाबाकी एका वहीत करीत आलो आहे. पंधरा वर्षे जुन्या झालेल्या मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. तिचे शुल्क २०२२ च्या एप्रिलात ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, तेव्हाही मी वहीत भागाकार करून पाहिला आणि 'तरी परवडते' असा शेरा मारला. मध्यंतरी पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेले गेले. त्या मद्यार्काने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मऊ पडून झिरपू लागल्या. आमच्या कृष्णाकाठच्या उसाचाच तो अर्क. तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करावी! नव्या नळ्यांचे पैसेही वहीत उतरले.

या वहीचा मला अभिमान होता हे कबूल केले पाहिजे. आपल्या परंपरेत अपरिग्रहाची थोरवी लहानपणापासून कानांवर पडते. सज्जनगडाच्या सावलीत राहणाऱ्यास तर विशेषच. पण अपरिग्रहाचा अभिमान हाही एक परिग्रहच आहे, आणि तो मोटारीपेक्षा अधिक जागा अडवितो. ज्यांच्या नावाने ही गाडी मुळात जन्मास आली ते विल्यम मॉरिस, म्हणजे पुढचे लॉर्ड नफील्ड, यांची गोष्ट मी पूर्वी फार वेळा सांगत असे. सायकली दुरुस्त करणारा हा मुलगा इंग्लंडातील सर्वांत श्रीमंत मनुष्यांपैकी एक झाला. १९६३ साली वारला तोपर्यंत त्याने सुमारे तीन कोटी पौंड रुग्णालये, विद्यापीठे व संशोधन यांना देऊन टाकले होते. आणि स्वतःसाठी मात्र वुल्सली एट नावाची एक लहानशी गाडी तो वापरीत असे. गोष्ट चांगली आहे. पण मी ती का सांगत होतो? लॉर्ड नफील्ड यांच्या साधेपणाचा थोडा उजेड माझ्या बंपरवर पडावा म्हणून.

आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई माझ्या गाडीइतकीच जुनी स्कूटर चालवितो. त्याच्या काटकसरीचे कौतुक आजवर कोणी केलेले मी ऐकले नाही. ज्यास खर्च करणे शक्य आहे त्याने हात आखडला तर तो गुण ठरतो. ज्यास शक्यच नाही त्याची ती परिस्थिती. एवढे समजण्यास मला फार वेळ लागला नाही. परंतु ते समजल्यावरही मी म्हणत होतो की, अभिमान वाईट असेल, हिशेब तर बरोबर आहे ना? हिशेब चुकला आहे हे कळावयास २०१९ चा पूर यावा लागला.

साताऱ्यात या जातीच्या गाड्यांचे काम जाणणारे कारागीर एकेक करून थांबले. एकाने टायरांचे दुकान काढले, एक गावी शेतीवर गेला. त्यामुळे बरीच वर्षे माझी गाडी सांगलीच्या एका मिस्त्रींकडे जाते. नदीच्या अंगाला एका बोळात त्यांची पत्र्याची शेड आहे. वय साठीच्या पुढे, बोलणे बेताचे. इंजिनावर लाकडी दांडक्याचे एक टोक टेकवून दुसरे कानाशी धरतात आणि कोणता टॅपेट सैल आहे ते सांगतात. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. आपल्या या मुलखात दुरुस्ती ही पुष्कळदा निर्मितीची आई झालेली आहे. मिरजेच्या शिकलगारांचे पूर्वज शस्त्रे घडविणारे व पाजळणारे. तंबोऱ्यांची डागडुजी करता करता त्यांच्यातील फरीदसाहेबांसारखे लोक स्वतः वाद्ये घडवू लागले आणि मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती देशभर झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते; १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली तिची वाट त्या दुकानातूनच निघाली. मॉरिसची गोष्ट वर आलीच आहे. या सर्वांस दुरुस्ती ही शिडी होती. आमच्या मिस्त्रींच्या हातीही तीच विद्या आहे, परंतु त्यांच्यापुढे शिडी नाही. कारण नव्या मोटारी संगणक जोडल्यावाचून आपले दुखणे सांगत नाहीत, आणि बिघडलेला भाग उघडण्याऐवजी सबंध फेकून दिला जातो. त्यांचा मुलगा एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपात पगारावर आहे. तो बापाच्या शेडमध्ये पाऊल टाकीत नाही असे नव्हे, पण रविवारी टाकतो.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आईला मी आधीच साताऱ्यास आणली होती, म्हणून आम्ही सुटलो. मिस्त्रींची शेड कित्येक दिवस पाण्याखाली होती. पाने, पुलर, ग्राइंडर, वेल्डिंगचे यंत्र, चाळीस वर्षांत जमविलेले जुने सुटे भाग, सगळ्यावर गाळ बसला. ऑक्टोबरात माझ्या गाडीचा क्लच घसरू लागला तेव्हा मी गेलो. शेडच्या पत्र्यावर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. मिस्त्रींनी उधारीवर जुनी हत्यारे घेतली होती. त्यांनी दिवसभर राबून गियरबॉक्स उतरविली, क्लच बसविला, आणि संध्याकाळी मजुरी सांगितली ती पुरापूर्वी सांगत तीच. मी ती दिली, चहा घेतला, आणि रात्री वहीत लिहिले: 'क्लच, मजुरीसह, अपेक्षेहून कमी.'

आमची कन्या वाणिज्य शाखेस आहे. जमाखर्चाचा सराव म्हणून ती वही तिने मागून घेतली होती. दोन दिवसांनी तिने विचारले, "बाबा, मिस्त्रींची हत्यारं गेली ती कोणाच्या खात्यावर टाकायची?"

मी म्हटले, "ती त्यांची हत्यारे. आपल्या वहीत कशी येतील?"

"पण ती नसती तर आपली गाडी चालली नसती ना?"

मुलीचा प्रश्न शाळकरी होता आणि माझे उत्तर कायदेशीर होते. तरी मला ते उत्तर पुढे पुरले नाही. मी नवी गाडी घेतली असती तर कंपनीच्या वर्कशॉपात कामाच्या तासाला जो दर पडतो, तो मला चांगला ठाऊक आहे. भावाच्या गाडीचे बिल मी पाहिले आहे. त्या दराने मिस्त्रींचे कष्ट मोजले तर माझे वर्षाचे पन्नास हजार वीस-पंचवीसांवर येतात. म्हणजे निम्मी बचत माझ्या संयमाची नव्हतीच. एका निष्णात कारागिराच्या कौशल्यास बाजारात भाव उरला नाही, या गोष्टीची ती मिळकत होती.

यावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक मित्र म्हणतात, "तुम्ही ठरलेली मजुरी दिलीत, त्यांनी खुशीने घेतली. व्यवहार संपला. यात ऋण कसले?" हा युक्तिवाद हलका नाही. प्रत्येक व्यवहारामागे जर ऋणाची शेपटी लोंबू लागली, तर कोणास भाजीची जुडीही विकत घेता येणार नाही. तथापि आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांच्या जोडीला शतपथ ब्राह्मणाने मनुष्यऋण म्हणून चौथे ऋण सांगून ठेविले आहे, ते कशासाठी? बाजारभावाने फिटणारे देणे असते तर त्यास ऋण हा भारदस्त शब्द लागला नसता. माझ्या मते भाव ठरतेवेळी दोन्ही पक्षांस नाही म्हणण्याची सारखीच मोकळीक असेल तर दिलेल्या भावाने देणे फिटते. मिस्त्री मला नाही म्हणून कोणाकडे जाणार होते? आणि मी त्यांना नाही म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी हप्त्याची मोटार माझ्या दारी उभी राहिली असती.

मी पुढच्या खेपेस थोडे अधिक पैसे पुढे केले. मिस्त्रींनी मोजले आणि वरचे परत केले.

"दर माझा मी सांगतो, सर," ते म्हणाले. "तुम्ही जास्त द्यायला लागलात, तर पुढच्या वेळी मी सांगितलेला आकडा खरा की खोटा हे तुम्हालाही कळायचं नाही अन् मलाही."

मी गप्प बसलो. मग तेच म्हणाले, "गाडी तेवढी काढू नका एवढ्यात. ह्या जातीच्या आता माझ्याकडे चारच येतात."

या दोन वाक्यांनी माझा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक गुंतला. मी ज्यास शोषण म्हणू लागलो होतो त्यात त्यांच्या विद्येचा शेवटचा आधारही होता. गाडी विकून मी हात धुतले असते तर माझी सदसद्विवेकबुद्धी मोकळी झाली असती आणि त्यांची शेड एका गाडीने रिकामी. मला त्या वेळी बलुत्याची आठवण झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात त्या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. सुतार-लोहाराने वर्षभर शेतकऱ्याची औते सांभाळावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा. प्रत्येक खिळ्याची मजुरी वेगळी नाही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे. खळ्यावर हात पसरून उभे राहण्यात जी मानखंडना होती, आणि जातीने बांधलेल्या या चाकरीत महारांसारख्यांच्या वाट्यास जे आले, ते ज्यांनी भोगले त्यांनी ती झुगारून दिली हेच योग्य झाले. वर्षासन ठरवून देण्याची कल्पना मला सुचली होती; पण मिस्त्रींनी वरचे पैसे परत केले तेव्हा त्यांनी नेमके तेच नाकारले, हे माझ्या लक्षात यावयास सांगलीहून कराड यावे लागले.

कराडचा उल्लेख आला म्हणून दुसरीही एक गोष्ट सांगतो, जी मी वहीत कधी लिहिली नाही. एका पावसाळ्यात आईला घेऊन साताऱ्यास येत होतो. कराडच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचले होते. त्यातून गाडी बाहेर काढली आणि पुढे एक ट्रक एकाएकी थांबला. भिजलेल्या ड्रमांनी ब्रेक धरला नाही. पायाखालचे पेडल दगडासारखे कठीण झाले आणि गाडी आपली पुढे जातच राहिली. ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर ती उभी राहिली. काही झाले नाही. आई मागच्या आसनावर डोळे मिटून बसली होती, तिने विचारले, "चहासाठी थांबलास का रे?" मी हो म्हटले. आजच्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्या असतात, चाके न अडकू देणारे ब्रेक असतात. माझ्या गाडीत मागाहून बसविलेले पुढचे दोन पट्टे आहेत, आणि आई मागे बसते. काटकसर मी केली. धोका तिच्या वाट्यास आला. आणि तिची संमती मी घेतली नव्हती. पुढे घेतली, तेव्हा ती म्हणाली की हीच गाडी बरी, नव्या गाडीत वाकून शिरावे लागते आणि गुडघे राहत नाहीत. अँबॅसडरचे दार रुंद आणि आसन खुर्चीसारखे उंच असते, हे खरे. पण त्या संमतीवर मी किती विसंबावे? तिला मी ट्रकची गोष्ट सांगितलेली नाही.

तिसरा देणेकरी तर मला ओळखतही नाही. महाविद्यालयाच्या वाटेवर एक प्राथमिक शाळा आहे. सकाळी फाटकापाशी मुले उभी असतात आणि त्याच वेळी माझी गाडी थंड इंजिनाने, चोक ओढलेल्या अवस्थेत, तेथून जाते. धुराचे प्रमाणपत्र माझ्यापाशी आहे. परंतु ते प्रमाणपत्र गाडीच्या जन्मसालास लागू असलेल्या मर्यादेवर दिले जाते. १९८६ सालच्या गाडीकडून कायदा २०२० सालच्या गाडीइतकी स्वच्छता मागत नाही. मुलांची फुप्फुसे मात्र गाडीचे साल विचारीत नाहीत. यावर जुन्या गाडीवाल्यांचे एक ठरलेले उत्तर आहे आणि मीही ते वापरले आहे: नवी मोटार बनविताना लोखंड वितळविण्यापासून रंग देईपर्यंत टनावारी कार्बन हवेत जातो, तेव्हा जुनीच वापरणे पृथ्वीच्या हिताचे. हे अंशतः खरे आहे. थोडी चालणारी गाडी असेल तर बरेच खरे आहे. पण या उत्तरात एक लबाडी दडलेली आहे. उपकार दूरच्या वातावरणावर आणि अपकार जवळच्या पोरांवर. आणि आपण उपकाराचाच तेवढा हिशेब सांगावयाचा. शाळेच्या फाटकापाशी निघणारा कर्बवायू आणि न जळलेले पेट्रोल यांची भरपाई कोणत्याही पोलादाच्या भट्टीत होत नाही.

ही एक गोष्ट मात्र माझ्या हाती होती, म्हणून ती प्रथम केली. महाविद्यालय घरापासून पंचवीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तेथे मी आता पायी जातो. पहिल्या आठवड्यात तीन सहकाऱ्यांनी गाडी बिघडली काय म्हणून विचारले, आणि प्रकृतीसाठी चालतो असे मी सांगितले. खरे कारण सांगण्यात पुन्हा तीच जुनी धार आवाजात येईल अशी भीती वाटली. ब्रेकचे काम मिस्त्रींकडून संपूर्ण नवे करून घेतले, आणि पाऊस असेल त्या शनिवारी मी आईकडे एस.टी.ने जातो. मागच्या आसनासही पट्टे बसविले. या तिन्ही गोष्टींनी वर्षाची बचत आणखी घटली. कन्येने नवी वजाबाकी करून दाखविली तेव्हा नव्या गाडीच्या तुलनेत जी रक्कम शिल्लक राहिली, तिच्यासाठी इतकी वर्षे छाती काढून चालण्यासारखे काही नव्हते.

राहिले मिस्त्री. वरचे पैसे परत केल्यानंतर दीडेक महिन्याने मी गेलो असता ते स्टुलावर बसून काही कागद चाळीत होते. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी करावयाचा अर्ज होता. तो दोन वेळा परत आला होता. एकदा पंचनाम्याची प्रत नाही म्हणून, एकदा धंद्याचा पुरावा नाही म्हणून. चाळीस वर्षे एका जागी हातोडा चालविणाऱ्या मनुष्यास धंद्याचा पुरावा मागितला जातो, हा कागदांच्या जगाचा न्याय आहे. "दराचं राहू द्या, सर," ते म्हणाले. "हे एवढं नीट लिहून देता का?"

मी तेथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. माझ्या वहीतून गेल्या दहा वर्षांच्या दुरुस्त्यांच्या तारखा आणि रकमा उतरून काढल्या, आणि हा मनुष्य त्या जागी तो धंदा करीत होता याविषयी गिऱ्हाईक म्हणून सही केली. बचतीच्या त्या वहीचा एवढा चांगला उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते. या सर्वांस मला अर्धा तास लागला असेल. मिस्त्रींनी अर्ज दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेविला, आणि त्या दिवशीची मजुरी घेण्यास नकार दिला.

"हे बरोबर नाही," मी म्हटले. "तुम्ही तीन तास खाली पडून होता. मी नुसता अर्धा तास लिहिले."

"तुमचं लिहिणं कुणाला जमतं?"

"आणि तुमचे ऐकणे? ते दांडके कानाला लावून?"

ते हसले. चिंधीला हात पुसून म्हणाले, "ते तर रोजचंच आहे."

मी पैसे स्टुलावर ठेवून निघालो. मागे वळून पाहिले तेव्हा ते तसेच पडले होते. पुढच्या शनिवारी पाहिले तर त्याच रकमेचे ग्रीसचे डबे आणि एक नवा फॅनबेल्ट माझ्या गाडीसाठी आणून ठेविला होता.

अर्ज मंजूर झाला. मागितले होते त्याहून बरेच कमी मिळाले. त्यानंतर आजवर आम्हा दोघांत तो विषय निघालेला नाही. मात्र अधूनमधून शेडमध्ये येणाऱ्या कोणाचा तरी कागद माझ्यापुढे येतो. कधी विम्याचा, कधी विजेच्या बिलाच्या तक्रारीचा. आणि गाडी वर उचललेली असेतो मी तो लिहून देतो. कन्येने वहीत एक रकाना अधिक आखून दिला आहे. त्याच्या माथ्यावर काय लिहावयाचे ते तिने मजवर सोडले आहे आणि माझे अद्याप ठरलेले नाही. येत्या शनिवारी पाऊस नसेल तर गाडी न्यावयाची आहे. आईचे गुडघे दाखविण्यास मिरजेस जावयाचे आहे, आणि किंगपिनला ग्रीस भरावयाचे राहिले आहे.